इंजिनचा खांदा

उमेंद्र पटलेच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. कशी गेली म्हणून कुणी विचारलं तर तो म्हणतो, जॅक सटकला. आमगावच्या फाट्यावर त्याचं गॅरेज आहे, आणि गॅरेजवाल्याचा जॅक सटकणं यात नवल ते काय, म्हणून विचारणारा चहा पिऊन निघून जातो. भेंडीटोल्याच्या पाच-सहाशे माणसांनी मात्र भर दुपारी पाहिलं की जॅक तिथं नव्हताच. टामी होती, तीन फुटी, लोखंडाची, आणि ती ओमेश बिसेनच्या हातात होती.

हे सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण त्या पाच-सहाशेंपैकी एकालाही खरं काय ते ठाऊक नाही.

भेंडीटोल्यात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी शंकरपट भरतो. दिवाळी झाली, धान कापून पुंजणे, म्हणजे भाऱ्यांच्या गंज्या, लागले, की धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये बैलजोड्या धावतात. मध्ये पटावर बंदी आली, तेव्हा हौशी लोकांनी त्याच बांध्यांत जीपगाड्या पळवायला सुरुवात केली. पुढं बंदी उठली, बैल परत आले, पण जीपगाड्या काही हलल्या नाहीत. सकाळी बैल आणि दुपारी गाड्या, असा दोघांचा संसार एकाच बांधीत सुरू झाला.

उदाराम बिसेनची जोडी त्या पटात कितीतरी वर्षं पहिली आली. म्हाताऱ्याच्या तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, टोकाला खिळाच नव्हता. तो म्हणे, ज्याला खिळा टोचावा लागतो त्यानं बैल ठेवूच नये. पटाच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको अनुसयाबाई बैलांचे खांदे शेकायची. इतर घरांत हे फक्त पोळ्याच्या आदल्या दिवशी होतं, तिच्या घरी पटालाही व्हायचं. गरम तुपात हळद कालवायची, पळसाच्या पानानं ती जू बसतं तिथं चोळायची आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. जोडी जिंकली की उदाराम सगळ्यांदेखत सांगे, पळाले बैल, पण जिंकलं हिचं तूप. अनुसयाबाईला आयुष्यात कुणी दिलेलं बक्षीस ते एवढंच.

उदाराम गेला आणि थोरल्या ओमेशनं वर्षाच्या आत जोडी बाजारात नेऊन विकली. त्या जागी फौजेच्या लिलावातली एक जुनी जिप्सी आणली आणि बैलांच्याच कोठ्यात, त्याच खुंट्यांपुढं उभी केली. पोळ्याला अनुसयाबाईनं तिच्या बोनटला हळदीकुंकू लावलं आणि नैवेद्याचं पान पुढच्या चाकाशी ठेवलं. गाव पोट धरून हसलं. बाई हसली नाही, कारण तिच्या घरी पोळ्याला कोठा कधी उपाशी राहिला नव्हता.

बाप जितका हाताचा हलका, तितका ओमेश हाताचा जड. त्याचा हात आधी उठे आणि तोंड मागून बोले. जोडी विकली त्या दिवशी मायनं दावं सोडायला उशीर केला, तर त्यानं त्याच बिनखिळ्याच्या तुतारीनं तिचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. दवाखान्यात ती म्हणाली, पाय घसरला. गावानंही ते मान्य केलं, कारण ओमेशसमोर दुसरं काही मान्य करायची कुणाची छाती नव्हती. धाकटा रोशन अंगानं हलका, म्हणून जिप्सी तो चालवायचा. मागच्या साली तिरोड्याच्या संजूच्या गाडीनं जिप्सीला हातभर मागं टाकलं. त्या संध्याकाळी ओमेशनं रोशनला पट्ट्यानं असं बडवलं की तो आठ दिवस पालथा निजला, आणि आठही दिवस अनुसयाबाई त्याच्या पाठीला हळद लावत बसली.

उमेंद्रही काही गरीब गाय नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. एका ट्रकवाल्याचे दात पाडल्याबद्दल तो दोन दिवस कोठडीत बसून आला होता. घरी आल्यावर त्याची बायको चेतना हिनं त्याला चुलीपुढं बसवलं आणि तिच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली, की यापुढं माणसावर हात उचलायचा नाही. चार वर्षं त्यानं ती पाळली होती. राग आला की तो गॅरेजमागच्या जुन्या टायरला लाथा घाली, आणि त्या टायरची अवस्था बघण्यासारखी होती.

यंदा ओमेशनं दिल्लीहून हेडर मागवलं. इंजिनचा धूर बाहेर नेणारा मूळचा मेनिफोल्ड बिडाचा, जाड आणि बुटका असतो. त्यात चारही सिलिंडरचा धूर एकमेकांच्या अंगावर येऊन अडतो. हेडरला चार लांब नळ्या असतात, सारख्या मापाच्या, पुढं जाऊन एकीत मिळणाऱ्या. धूर न अडखळता निघतो, इंजिन मोकळं होतं, आणि आवाज असा येतो की बांधीतले बगळे उडावेत. संजूच्या माणसांना सुगावा लागू नये म्हणून हे काम गॅरेजमध्ये न करता घरच्या कोठ्यात करायचं, असं ओमेशनं बजावलं. उमेंद्र आणि तो एका शाळेत शिकलेले. नाही म्हणण्याइतकी मैत्री नव्हती आणि नाही म्हणण्याइतकं वैरही नव्हतं, म्हणून उमेंद्र पान्यांची पेटी घेऊन गेला.

दोन दिवस तो त्या जिप्सीत डोकं घालून होता. जुन्या मेनिफोल्डचे नट गंजून इंजिनशी एकजीव झाले होते. डिझेल पाजून, तापवून, हातोडीनं हलके ठोके देत त्यानं एकेक सोडवला, तरी नटाखालचा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, मधूनच तुटला. तो ड्रिलनं पोखरून काढण्यात अर्धा दिवस गेला, आणि त्या अर्ध्या दिवसात त्यानं ओमेशच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या. मग नवं पॅकिंग, त्यावर हेडर, आणि नट आवळायचे ते मधून बाहेर, थोडे इकडचे थोडे तिकडचे. एकाच बाजूनं आवळले की दुसरी बाजू उचलते आणि तिथून धूर फुंकतो. शेवटी नळ्यांवर त्यानं काचेच्या धाग्याची पांढरी पट्टी ओली करून गुंडाळली, म्हणजे नळीची आच बाजूच्या पेट्रोलच्या रबरी नळीला लागणार नाही. पट्टीवर तारांचे पट्टे आवळले आणि ओमेशला हाताला धरून जवळ आणलं.

‘‘हे ध्यानात ठेव,’’ तो म्हणाला. ‘‘या पट्टीले तेलाचं बोट लागू देऊ नको. ग्रीस नाई, डिझेल नाई, काईच नाई. पट्टी तेल पेते, अन् नळी लाल झाली का वातीसारखी पेटते.’’

ओमेश मोबाइलमध्ये बघत हो हो म्हणाला. मग मान वर करून हसला आणि म्हणाला, यंदा हारलो तर तुही बोटंच मोडतो, मिस्त्री. उमेंद्रही हसला. घरात दुसऱ्या कुणाला ही गोष्ट सांगायची असते, हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी इंजिन सुरू करून उमेंद्र गळती तपासत होता. त्यासाठी त्याची रीत अगरबत्तीची. पेटलेली अगरबत्ती प्रत्येक सांध्याभोवती सावकाश फिरवायची. धुराची रेघ सरळ राहिली तर सांधा पक्का, फरफटली तर तिथून फुंकतं आहे. त्याच वेळी अनुसयाबाई चहा घेऊन कोठ्यात आली. बघते तर मिस्त्री इंजिनला अगरबत्ती ओवाळतो आहे. तिनं चहा खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

‘‘हे काय होय गा, बाबू?’’ पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या नळ्यांकडं बोट दाखवून तिनं विचारलं.

आता धुराची नळी होय, असं सांगितलं असतं तर काम भागलं असतं. पण म्हातारी आस्थेनं विचारते आहे, तिला समजेल असं सांगावं, असं उमेंद्रला वाटलं. माणसाचं नुकसान बहुतेक वेळा चांगल्या विचारानंच होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

‘‘हा इंजिनचा खांदा होय, काकी,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या सारा जोर याच्यावर येते.’’

अनुसयाबाईनं मान डोलावली. वाकड्या मनगटाचा हात पुढं करून तिनं पट्टीला अलगद स्पर्श केला, जसा नव्या बैलाला करावा तसा. उमेंद्रनं चहा प्यायला, पेटी भरली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पटाला माणूस लोटला होता. मंडईला आलेले पाहुणे अजून गावातच होते. बांधीच्या कडेला जिलेबीच्या कढया चढल्या होत्या, पाळणे फिरत होते, लाउडस्पीकर घसा फोडत होता. सकाळी बैल झाले. दुपारी जिप्सी रांगेत आली तेव्हा रोशननं एकदा रेस दिली आणि लोकांनी कानांवर हात ठेवले. उमेंद्रनं कान दिला. काम झकास झालं होतं, चारही नळ्या एका सुरात बोलत होत्या. बाजूच्या धावपट्टीत संजूची गाडी. एक फेरी झाली, दोन झाल्या, दोन्ही जिप्सीनं मारल्या. ओमेश लोकांच्या पाठीवर थापा मारत फिरत होता.

तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर उमेंद्रला कढत्या तुपाचा वास आला. आधी त्याला वाटलं, जिलेबीच्या कढईचा असेल. मग लक्षात आलं की पटातली जिलेबी तेलात तळतात. आणि हा वास तेलाचा नव्हता, साजूक तुपाचा होता, घरच्या लोण्याचा, हळद जळाल्यासारखा कडवट. जिप्सीच्या बोनटच्या फटीतून पिवळट धूर निघत होता. तो ओरडत बांधीत शिरेपर्यंत धुराची ज्वाळा झाली होती. रबरी नळी वितळली, पेट्रोल उडालं, आणि भर धावेत जिप्सीचं तोंड पेटलं.

गाडी बांधाला धडकून थांबली. रोशन आत किंचाळत होता, कमरेचा पट्टा सुटत नव्हता. लोक मागं धावत होते, उमेंद्र पुढं. पुंजण्याजवळ कुणाचा तरी विळा पडला होता, तो उचलून त्यानं पट्टा कापला आणि रोशनला काखेत धरून बाहेर ओढलं. पोराची डावी बाही कातडीला चिकटली होती, कान जळाला होता आणि केस जळल्याचा वास येत होता. चार जणांनी त्याला गोंदियाला न्यायला गाडीत घातलं. बाकीच्यांनी बांधातली माती उपसून आगीवर टाकली.

आग विझली तसा उमेंद्र इंजिनवर वाकला. पट्टी जळून काळी झाली होती. पण सगळ्यात खालच्या तारेच्या पट्ट्याखाली बोटभर जागा वाचली होती आणि ती पिवळीजर्द होती. त्याच पट्ट्यात एक अर्धवट जळालेला देठ अडकला होता. त्याला पळसाचं एकच पान उरलं होतं. ते उमेंद्रनं ओळखलं आणि काल संध्याकाळी त्या कोठ्यात काय झालं असेल तेही त्याला डोळ्यांपुढं दिसलं. म्हातारी वाकली असेल. सगळ्या नळ्यांना तूप चोळून तिनं बोनटच्या कानाशी आवतन दिलं असेल. खांदा म्हटलं होतं ना मिस्त्रीनं.

मागून ओमेशनं त्याची कॉलर धरली. संजूनं तुला फितवलं, असं तो ओरडत होता. त्याच्या मागं वीस-पंचवीस जण होते, आणि ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते जास्त ओरडत होते. उमेंद्रला आपली बोटं दिसत होती, गॅरेज दिसत होतं, चेतना दिसत होती. वाचायचा रस्ता सरळ होता, आणि तो त्यावर निघालाही.

‘‘माहं काम चोख होतं,’’ तो म्हणाला. ‘‘पट्टीले कोनंतरी तूप—’’

तेवढ्यात गर्दी फाडत अनुसयाबाई आली. रोशन कुठं आहे, रोशन कुठं आहे, एवढंच ती विचारत होती, आणि विचारताना तिचे दोन्ही हात पुढं पसरलेले होते. दहाही बोटं हळदीनं पिवळी. वाकडं मनगट वाकडंच.

‘‘कोनं?’’ ओमेशनं कॉलर पिळली. ‘‘नाव सांग. आता सांग. इथंच जित्ता गाडतो त्याले.’’

ओमेश हे बोलण्यापुरतं बोलत नव्हता. दावं सोडायला उशीर झाला म्हणून ज्यानं मनगट मोडलं, तो गाडी आणि भाऊ जाळल्याबद्दल काय करेल, हे उमेंद्रला हिशोब न मांडताही कळत होतं. अर्धं वाक्य तर तोंडातून गेलं होतं. ते परत घेता येत नव्हतं. आणखी एक क्षण गप्प राहिला असता तर ओमेशची नजर त्याच्या नजरेमागून गेली असती आणि त्या पिवळ्या बोटांवर येऊन थांबली असती. अनुसयाबाई तीन हातांच्या अंतरावर उभी होती.

उमेंद्रनं चेतनाची शपथ मोडली. मूठ वळून त्यानं ओमेशच्या तोंडावर असा ठोसा दिला की पुढचे दोन दात ओठातून बाहेर आले. वर एक शिवी घातली आणि म्हणाला, ‘‘हो, केलं म्या. काय करतोस?’’

मग कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच संपली. पहिली लाथ त्याच्या पाठीत बसली, दुसरी कानावर. तो पडला नाही तोवर त्यानंही ठोसे दिले. एकाचं नाक फोडलं, एकाचा अंगठा चावला, चार वर्षांचा साठलेला सगळा राग त्यानं त्या दोन मिनिटांत काढला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. मग पाठीमागून पुंजण्याचा बांबू गुडघ्यात बसला आणि तो खाली गेला. खाली गेलेल्या माणसाला मारायला सगळेच शूर असतात. जे पळताना पुढं होते ते मारतानाही पुढं होते. त्याच्या बरगड्या वाजल्या, तोंडात माती गेली, डोळ्यांत रक्त उतरलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंड त्याचं त्यानंच दाबलेलं होतं.

ओमेशनं सगळ्यांना बाजूला केलं. तोंडातून रक्त गळत होतं, हातात टामी होती. दोघांनी उमेंद्रचा उजवा हात ओढून जिप्सीच्या बंपरवर धरला. कोणत्या हातानं नट आवळतोस, असं ओमेशनं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. पहिला घाव पडला तेव्हा उमेंद्र ओरडला. दुसऱ्याला त्याचा आवाजच फुटला नाही. हाडं मोडल्याचा आवाज त्याला लाकूड फुटल्यासारखा ऐकू आला. तिसरा घाव पडायच्या आत त्याला अनुसयाबाई दिसली. ती बघत होती. तिनं मुलाला अडवलं नाही. पोराला जाळणाऱ्याला कोणती माय वाचवेल?

हवालदार दवाखान्यात आला तेव्हा उमेंद्र म्हणाला, जॅक सटकला. जॅक बरगड्यांवर आणि तोंडावरही सटकला का, असं हवालदारानं विचारलं. तो म्हणाला, मोठा जॅक होता. चेतना तिथंच बसली होती. शपथ मोडली म्हणून ती त्याच्याशी बोलत नव्हती आणि त्याला घास मात्र तीच भरवत होती. कशापायी मारलंस, एवढं तिनं एकदा विचारलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पौष लागला तसं प्लास्टर निघालं. तोवर गॅरेज चेतनानंच सांभाळलं. तो स्टुलावर बसून सांगे आणि ती पाना फिरवे. लोक आधी हसले, मग तिच्या हातचं काम टिकतं हे पाहून गाड्या आणू लागले.

एका सकाळी राईस मिलचा ट्रॅक्टर कामाला आला होता. सायलेन्सर खोलून बाजूला ठेवला होता आणि इंजिन संथ चालू ठेवून उमेंद्र पायदानावर बसून कान देत होता. फाट्यावर मोटारसायकल थांबली. ओमेश होता. दोन्ही पाय टेकवून तो दहा-बारा हातांच्या अंतरावर तसाच गाडीवर बसून राहिला, आणि मागून अनुसयाबाई उतरली. तिच्या हातात झाकलेली वाटी होती आणि पळसाची पानं. चेतनानं हातातला पाना घट्ट धरला.

म्हातारी आली ती थेट उमेंद्रपुढं खाली बसली. त्याचा उजवा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला. रोशनचं तोंड वाचलं म्हणाली, कान गेला, पण पोरगं जेवतं, हिंडतं. तू त्याला ओढून काढलंस म्हणून जगला, हे ती विसरली नव्हती. ओमेशशी आठ दिवस भांडून, उपाशी राहून ती इथवर आली होती. तिनं वाटी उघडली. हळद कालवलेलं गरम तूप.

पळसाचं पान बुडवून ती मोडक्या बोटांवर शेक देऊ लागली. हात हलका होता, बैल उगाच तिच्यापुढं मान वाकवत नव्हते.

‘‘पन एवढा हुशार मिस्त्री तू,’’ ती म्हणाली, ‘‘काऊन गा केलंस असं खराब काम? म्या तं तुह्या त्या इंजिनचा खांदा बी शेकला होता. दोन वाट्या तूप—’’

चेतनाच्या हातातला पाना खाली पडला. पट्टीला तेलाचं बोट लागू नये, हे तिला याच गॅरेजात दहादा ऐकून पाठ झालं होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि दोन महिने न कळलेलं तिला एका क्षणात कळलं. आणि हेच दुसऱ्या एका माणसाला कोठ्यात हाताला धरून सांगितलेलं होतं. तो माणूस दहा-बारा हातांवर मोटारसायकलवर बसला होता आणि त्यानं आत्ताच मान वर केली होती.

उमेंद्रनं डावा हात मागं नेला आणि ट्रॅक्टरच्या रेसची दांडी शेवटपर्यंत ओढली.

उघड्या तोंडानं इंजिन बोंबललं. पत्रे थरथरले, खिळ्यांचा डबा फळीवरून खाली आला, फाट्यावरचं कुत्रं शेपूट घालून पळालं. ओमेश तिकडून काहीतरी ओरडला, त्याच्या तोंडाचा खड्डा तेवढा दिसला. उमेंद्रनं मानेनंच खूण केली, इंजिन पाहून राहिलो. अनुसयाबाई थोडी दचकली, पण पटाच्या गोंगाटात उभं आयुष्य गेलेली बाई ती, बोलायची थांबली नाही. चेतना दाराच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभी राहिली, म्हणजे ओमेशला मायचे ओठही दिसू नयेत. म्हातारी सांगत होती, सगळं सांगत होती. तूप कधी कढवलं, पान कुठलं तोडलं, चारही खांद्यांना कसं चोळलं, आणि एवढं करूनही जिप्सी जळाली म्हणजे दोष कामातच असणार. उमेंद्र तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धुरामुळं येतं म्हणायची सोय होती.

‘‘माहंच चुकलं, काकी,’’ तो तिच्या कानात ओरडून म्हणाला. ‘‘म्या नाव चुकीचं सांगतलं.’’

तिला ते कळलं नाही. चूक कबूल केली एवढं मात्र कळलं, आणि तेवढ्यानं तिचं समाधान झालं. उरलेलं तूप तिनं बोटांवर निपटलं, वाटी पदरानं पुसली. मग सवयीप्रमाणं त्या हातावर वाकली आणि काहीतरी पुटपुटली. इंजिनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण उमेंद्रला ते शब्द ठाऊक होते.

मोटारसायकल वळणापलीकडं जाईपर्यंत त्यानं दांडी सोडली नाही. मग चेतनानं पुढं होऊन इंजिन बंद केलं, आणि खाली पडलेला पाना उचलून ती पुन्हा कामाला लागली.